सिलिंडर, नवरा आणि वजन वाढवत नेण्याचा नियम

मुळगाव, रविवार

ती. सौ. दिपालीताईस,

धाकट्या विमलाचा साष्टांग नमस्कार. पणजीत सगळी खुशाल असाल, तुझा खोकलाही एव्हाना शरण आला असेल. इकडे आम्ही ठीक (हे खाटेवर आहेत, पण ते पुढे येईल).

डॉक्टरांनी मला वजन उतरवायला सांगितलं. मी लगेच रात्रीचं जेवण सोडलं. वजन उतरलं, पण नारळ किसायची ताकदही उतरली. तेव्हा बाजारातला जिमवाला सिद्धेश म्हणाला, "टीचर, नुसतं उपाशी राहिलात तर चरबीबरोबर स्नायूही झडतात. मासे, अंडी, कडधान्य खा आणि आठवड्यातून तीनदा वजन उचला. रोज नवा व्हिडिओ नको. तेच चार व्यायाम, फक्त वजन हळूहळू वाढवत न्यायचं."

पटलं. पण जिममध्ये आरशासमोर उठाबशा काढणं जमेना (शेजारी माझेच जुने विद्यार्थी, ज्यांना मी काढायला लावल्या होत्या). म्हणून घरचा गॅस सिलिंडर उचलायला घेतला. पण ताई, सिलिंडर रोज हलका होतो! नियम वजन वाढवण्याचा, आणि मी वरण शिजवून माझाच व्यायाम जाळतेय.

हे पेपर वाचत होते. म्हणाले, "मग मला उचल. मी काय सिलिंडरापेक्षा कमी?" उचललं. पाठीवर घेऊन परसातल्या माडापर्यंत नेलं, परत आणलं (पेपर त्यांनी खाली ठेवला नाही). पण माझ्यासोबत नाचणी-मूग खाऊन हेही उतरायला लागले. नाइलाजाने दोन स्वयंपाक सुरू केले: मला मूग, ह्यांना पोदेराच्या भट्टीतले गरम पाव, तूप आणि वर गूळ-नारळाचं दोदोल. नवरा नियमाप्रमाणे वाढू लागला.

गेल्या बुधवारी डिचोलीच्या बाजारात ह्यांचा पाय मुरगळला. रिक्षा मिळेना. सराव तरी कशासाठी केला होता? घेतलं पाठीवर आणि मासळीबाजारातून थेट बसस्टँड. मासळीवाल्या उठून उभ्या राहिल्या. हे वरून ओळखीच्यांना हात करत होते. कंडक्टर म्हणतो, "बाये, हें सामान काय पॅसेंजर?" मी म्हटलं, "घोव म्हजो! नवरा!" त्याने मुकाट्याने सीट दिली, ह्यांना. मी उभीच.

डॉक्टरांनी पाय पाहिला, रक्त तपासलं आणि मला विचारलं, "ह्यांना एवढं कोण खाऊ घालतं?" माझी तब्येत उत्तम निघाली, ह्यांची साखर मात्र छताला टेकलेली. पाव बंद, तूप बंद. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. बसमध्ये रडू फुटलं, तर हे म्हणाले, "रडू नको गो. मका तुज्या पाठीर बरें दिसतालें." (माझ्या पाठीवर त्यांना बरं वाटत होतं म्हणे! लग्नापासून इतकं गोड ते कधी बोलले नव्हते.)

असो. लहानांना आशीर्वाद.

तुझीच,
विमला

ता. क. : तू पंधरा दिवस राहायला ये. हवापालट होईल. तोवर सकाळचं चालणं बंद ठेव आणि आहेस तश्शीच ये. राग मानू नकोस, पण आपल्या घराण्यात आता तुझ्याएवढं भरीव कोणी उरलेलं नाही.

आणखी एक : वरचं वाचून हे रुसलेत. "म्हणजे मी आता हलको?" म्हणून आज रात्री जेवलेही नाहीत. त्यामुळे आणखी हलके झालेत. लवकर ये.