फोनला लावलेला बल्ब

इंदापूर,
१६ एप्रिल १९९७

चि. करुणास,
सप्रेम जयभीम आणि आशीर्वाद.

तुझं पत्र शनिवारी मिळालं. इकडे ऊन मरणाचं. उजनीचं पाणी उतरलं, पळसदेवचं देऊळ उघडं पडलं. शेजारची साखरबाई भाकरी-कालवण आणून देते, वर बोलणीही खायला लावते.

तू लिहिलंस, तुमच्या बंगळूरच्या प्रयोगशाळेत एका चिपचा निरोप दुसऱ्या चिपला तारेऐवजी उजेडानं पोचवता. तार तापते, एकीतला निरोप दुसरीत झिरपतो. उजेडाला उजेड आडवा गेला तरी मिसळत नाही. तीनदा वाचलं. टेलिफोन खात्यात तीस वर्षं तांब्याच्या तारा जोडल्या मी, आणि माझ्याच पोरीनं तार मोडीत काढली! छाती फुगली बघ.

पुढचं मात्र एकदाच वाचू शकलो. "बाबा, चार महिने फोन का उचलत नाही? मी इथंच राहिले म्हणून रागावलात ना? एप्रिलच्या शेवटच्या रविवारी एकदा करीन, मग नाही."

राग नाही गं. तुझी आई होती तोवर फोन तीच घ्यायची, म्हणून माझं निभावून गेलं. परवा जयंतीच्या मिरवणुकीत मी भोंग्याच्या गाडीला टेकून उभा होतो. साखरबाईनं दंडाला धरून ओढलं. काय ओरडली ते ओठांवरून कळलं, "तात्या, कान फुटत्याल की!" मला काहीच ऐकू येत नव्हतं.

झालं, लिहिलं एकदाचं. दोन्ही कान गेले. डॉक्टर म्हणाले, यंत्राचाही उपयोग नाही. तुला कळवलं असतं तर ते काम सोडून बारामतीच्या कॉलेजात नोकरी धरली असतीस, माझ्याजवळ येऊन बसली असतीस. तसं व्हावं असं मला रोज वाटतं. म्हणूनच कळवलं नाही.

आता नीट वाच. फोनच्या घंटेच्या जागी मी झिरोचा लाल बल्ब जोडलाय. साखरबाईनं बूथवरून फोन लावून पाहिला, बल्ब लागतो.

त्या रविवारी, २७ तारखेला, सकाळी आठला कर. बल्ब लागला की उचलेन. मी बोलेन, तू ऐक. तुझं मला ऐकू येणार नाही. बोलून झालं की ठेवून देईन.

मग, माझ्यावर राग नसेल आणि काम सोडणार नसशील, तर पुन्हा एकदा फोन लाव. तो मी उचलणार नाही. बल्ब विझेपर्यंत नुसता बघत राहीन.

बल्बासमोर स्टूल टाकून बसलेला,
तुझा बाबा
श्रीपती