आजीचा डावा कान

ग्युम्री, लोणच्यांचे दिवस

प्रिय सिरानुशताईस,

धाकट्या पेरूजचा वाकून नमस्कार. तुझी सगळी दुखणी मला येवोत! (गुडघ्याचं तेवढं तुझ्याकडेच ठेव, माझे दोन्ही आधीच कुरकुरतायत.) मार्सेयची हवा कशी आहे, भाऊजींचा खोकला बसला का, सून अजून दुकानातलीच लवाशची रोटी आणते का, सगळं सविस्तर कळव. इकडे आम्ही खुशाल आहोत. म्हणजे मी सोडून. मी झारुहीवर जळून खाक झाले आहे.

झारुही म्हणजे आपली शेजारीण, जिच्या नासपतीच्या झाडाचा पाला आपल्या अंगणात पडतो आणि फळं मात्र तिच्या, तीच. तिला आजी सापडली. गावात जुन्या फोटोंचा संग्रह उघडलाय आणि त्यात आपल्या इथल्या अनाथाश्रमाचा फोटो भिंतीएवढा करून लावलाय. शंभर वर्षांपूर्वीच्या कत्तलीतून वाचून आलेल्या मुली, ओळीच्या ओळी, उवांपायी सगळ्यांची डोकी भादरलेली, अंगात एकसारखे झगे. नावं कुणाचीच नाहीत. ज्याला आपलं माणूस ओळखू येईल त्यानं सांगायचं, मग त्या चेहऱ्याखाली नावाची पट्टी लागते. मी कोबीचं लोणचं घालत बसले होते (मला कोण सांगणार, मी तर सगळ्यांच्या शेवटी!) आणि या बाईनं पहिल्याच दिवशी जाऊन खांबाजवळची सगळ्यात देखणी मुलगी आपली आजी म्हणून उचलली. आता रोज फाटकाशी थांबून म्हणते, "पेरूज जान, आजीला भेटून आले गं!"

ताई, आपली आजीही तिथलीच ना? भूकंपात घर गेलं तेव्हा आपले सगळे फोटो गेले. खरं सांगते, मला आता तिचा चेहरा धड आठवत नाही. डावा कान तेवढा आठवतो, वरून दुमडलेला, कारण गोष्ट ऐकताना मी तो धरून झोपायचे. तर मी तिथे गेले, चष्म्यावर चष्मा लावून पाहिलं, आणि झारुहीच्या त्या मुलीचा डावा कान वरून दुमडलेला!

मग मी काय करणार? पिशवीतून मेणबत्ती काढली आणि तिच्याखाली लावली. मागच्या दोघींनी ती पाहून आपापल्या लावल्या. तिसरीनं छातीवर क्रूसाची खूण केली आणि हे कोणते संत म्हणून मला विचारलं. तेवढ्यात संग्रह सांभाळणारी नाझेली पाण्याचा जग घेऊन धावत आली.

"काकू, हे चर्च नाही! इथे शंभर वर्षांचे कागद आहेत!"

पाणी थोडं मेणबत्त्यांवर पडलं, बरंचसं माझ्यावर आणि उरलेलं झारुहीवर. ती नासपतींची परडी घेऊन आजीला भेटायला आली होती.

"माझ्या आजीला मेणबत्ती लावणारी तू कोण गं?"

"तुझी आजी? हा कान बघ, कान!"

"कानाचं काय सांगतेस? वाळलेली नासपतीही अशीच दुमडते!"

शेवटी नाझेलीनं पट्टीच काढली. ताडून बघायला काहीतरी आणा, म्हणाली, नाहीतर ही कुणाचीच नाही. मला आजी मिळाली नाही, पण तिचीही गेली, या आनंदात मी वाटेत स्वतःला पेस्ट्री घेऊन दिली.

भाऊजींना नमस्कार, मुलांना पाप्या.

तुझी,
पेरूज

ता. क. पत्र खरं तर यासाठी. तुझा डावा कान थेट आजीचा आहे. (माझे दोन्ही आईवर गेले, माझं नशीब.) केस वर बांधून त्याचा स्वच्छ फोटो काढ आणि ताबडतोब पाठव.

दुसरा ता. क. पाकीट बंद करणार तर झारुही पायरीवर येऊन बसली. भूकंपात तिचंही काही उरलं नाही. म्हणाली, "कान तुमचाच असेल तर घे तू. पण मग माझी कुठे गं?" मी तिला घेऊन पुन्हा तिथे गेले. फोटोत त्या दुमडलेल्या कानाच्या मुलीनं शेजारच्या मुलीचा हात घट्ट धरलाय. शेजारची फोटो काढताना नेमकी हलली असावी, चेहरा नुसता धुरकट. झारुही बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, "ही माझी." नाझेलीनं पुरावा विचारला. मी म्हटलं, "माझ्या आजीनं हात धरलाय तिचा, दिसत नाही?" नाझेलीनं हात टेकले, दोन्ही पट्ट्या लागल्या. (माझी आजी उंच आहे.)

तेव्हा ताई, कानाचा फोटो पाठवू नकोस. न जाणो, जुळला नाही तर?