ओल्या सुताचा करडा

पवनी

प्रिय करुणा,

तुझी वेबसाइट गावभर झाली. बाबा अड्याळच्या बाजारात भेटेल त्याला मोबाइलवर आपल्या कोसा रेशमाच्या साड्या दाखवतात आणि शेजारच्या रंगाच्या चौकोनावर बोट ठेवून सांगतात, हा गडद करडा माझ्या धाकटीने शोधला. शोधला म्हणे! हिरडा आणि लोखंडाच्या पाण्यात सूत बुडवून तो मी काढते. माझी नखं कायमची काळी झालीत. जळते मी तुझ्यावर, लपवून काय उपयोग?

बाबांना तुझ्या त्या रंगाचा कोड, #333333, तोंडपाठ आहे. माझा वाढदिवस त्यांना कधी आठवला नाही! मग मीही आत्येभाऊ चंदनच्या कंप्युटरच्या दुकानात बसून सगळं समजून घेतलं. तोच रंग 51, 51, 51 असाही लिहितात; लाल, हिरवा, निळा अगदी सारखे. तिसऱ्या पद्धतीत छटा शून्य, तीव्रता शून्य, उजेड वीस टक्के. हे तर माझंच वर्णन वाटलं मला.

आता गिऱ्हाइकं साड्या परत पाठवताहेत. स्क्रीनवर गडद, हातात फिकट. काल बाबा म्हणाले, "रंजू, करुणाच्या रंगासारखं सूत काढून दे वं. लोकं बोंबलून राहिले." माझा रंग मी तुझ्यासारखा करायचा! मी रागारागात सुताची लड घेऊन चंदनकडे गेले. स्क्रीनला लावली, तर तुझा चौकोन फारच काळा. मग सहज ती पाण्यात बुडवली आणि पुन्हा लावली. तंतोतंत जुळली गं.

तेव्हा आठवलं. सकाळी ओल्या लडी दांडीवर टाकायचं काम तुझं होतं. टाकल्या की तू शाळेला पळायचीस. वाळल्यावर काढायचे मी. तुझ्या डोळ्यांत आपला करडा ओलाच राहिला. माझा राग थोडा उतरला. थोडाच.

तर हे पत्र एवढ्यासाठी. मी रंग बदलणार नाही, तू कोड बदल. वाळलेल्या सुताचा #57534E, म्हणजे 87, 83, 78. लाल थोडा जास्त, निळा थोडा कमी, कारण कोसा रेशमाचा मूळचा पिवळेपणा आतून दिसतो. आणि बाबांना फोन करून तूच सांग, रंग ताईचा बरोबर आहे, चूक माझ्या कोडची आहे. मी सांगितलं तर त्यांना पटायचं नाही, तुझं पटेल. त्यावर ते माझ्याबद्दल काय बोलले, ते मला जसंच्या तसं कळव. एक शब्दही गाळू नकोस.

तुझीच, अजून जळणारी,
रंजिताताई