पंधरा फुटांच्या अंतराचा आदेश रद्द होण्याबाबत

प्रति,
मा. कार्यालय प्रमुख,
ध्वनिमुद्रित जबाब लेखन कार्यालय.

अर्जदार: वरिष्ठ लेखनिक, खोली क्रमांक नऊ.

विषय: हेडफोनमधील चुंबकाच्या कारणावरून मला सर्वांपासून पंधरा फूट दूर बसविण्याचा आदेश रद्द करून हॉलमधील मूळ जागी बसू देण्याबाबत.

संदर्भ: १) माझा तीन वर्षांपूर्वीचा अर्ज. २) त्यावरील सुरक्षा समितीचा आदेश. ३) याच विषयावरील माझे चार अर्ज, जे लिहिले परंतु दिले नाहीत.

महोदय,

आपल्या कार्यालयातील हेडफोनच्या गादीपासून तीन सेंटीमीटरवर होकायंत्र ठेवले, तर सुई उत्तर दिशा सोडून थेट हेडफोनकडे वळते. दहा सेंटीमीटरवर ती सुमारे वीस अंश ढळते, विसावर जेमतेम तीन अंश, आणि तिसावर ती हललेली मला भिंगातूनही दिसत नाही. ही मोजणी मी जेवणाच्या सुट्टीत अकरा वेळा केली आहे. कार्यालयाचा हेडफोन माझ्या खोलीच्या आसपास आणण्यास मनाई असल्याने त्याच बनावटीचा एक मी विकत घेतला आणि रुमालात गुंडाळून आत आणला, याची कबुली प्रथम देते.

आपण नुकतेच रुजू झाला आहात, म्हणून थोडी पूर्वपीठिका. मी येथे एकोणीस वर्षे साक्षीदारांचे ध्वनिमुद्रित जबाब ऐकून ते टंकलिखित करीत होते. तीन वर्षांपूर्वी माझ्या डाव्या खांद्याखाली पेसमेकर बसविण्यात आला. कामावर परतले त्या दिवशी माझ्या शेजारच्या खुर्चीवरील सहकारी, ज्यांना सगळा हॉल 'मोठ्या बाई' म्हणतो, धावत आल्या आणि "अगं, किती वाळलीस!" म्हणत त्यांनी मला घट्ट मिठी मारली. त्यांच्या गळ्यात लटकणारा हेडफोन नेमका पेसमेकरवर दाबला गेला. काही क्षण माझ्या छातीचे ठोके परक्या तालात पडले. त्या बाजूला झाल्या आणि सर्व पूर्ववत झाले. डॉक्टरांनी तपासून सांगितले, की चुंबक फार जवळ आला की यंत्र ठरावीक गतीने चालते आणि तो दूर गेला की आपोआप मूळ पदावर येते. अपाय काही झालेला नाही. सहा इंचांचे अंतर राखावे, म्हणजे झाले.

मी तेवढाच अर्ज केला: हेडफोन कोणी माझ्या छातीपासून सहा इंचांच्या आत आणू नये.

आपल्याकडे टिपणी वर जाताना प्रत्येक सही करणारा आपल्यातर्फे थोडी खबरदारी घालतो, हे आपणांस ठाऊक असेलच. कक्ष प्रमुखांनी सहा इंचांचा एक फूट केला. आस्थापना शाखेने "सुरक्षिततेच्या दृष्टीने" तीन फूट केले. सुरक्षा समितीने तिनाचे पंधरा केले आणि खाली लिहिले, "अर्जदाराच्या विनंतीस अनुसरून." हॉलमध्ये बावीस हेडफोन आहेत. पंधरा फुटांचा हिशेब लावता माझ्यासाठी जिन्यामागची जुनी कागदांची खोली तेवढी उरली. तेव्हापासून मी इतरांनी लिहिलेले जबाब तपासते. त्या साक्षीदारांपैकी कोणाचाच आवाज मला येत नाही.

दारावर सूचना आहे. फाईल आणि चहा बाहेरच्या स्टुलावर ठेवला जातो. शिपाई भला माणूस आहे. "बाई, चहा ठेवलाय हो, मी लांब गेलो की उघडा," असे ओरडून तो खरोखर लांब जातो. नवी मुले जिन्यात एकमेकांना म्हणतात, "नऊ नंबरला जाऊ नकोस, चिकटशील!" मला त्याचा राग नाही. विनोद बरा आहे, आणि तो मला ऐकू येतो.

गेल्या वर्षी सूचना ऐकू याव्यात म्हणून समितीने माझ्या टेबलावर एक स्पीकर बसविला. त्याच्यातील चुंबक हेडफोनच्या चुंबकापेक्षा कितीतरी मोठा आहे. वीस सेंटीमीटरवर सुई त्याच्याकडे तोंड करून उभी राहते. दार वाऱ्याने उघडू नये म्हणून चौकटीला चुंबकाची पट्टी लावली आहे. म्हणजे या कार्यालयातील सर्वांत मोठ्या चुंबकाच्या निकट मीच बसते. मी खुर्ची मागे ओढून घेतली आहे. तक्रार केली नाही, कारण तक्रारीनंतर अंतर वाढते, असा अनुभव आहे.

हेडफोन कानांवर असताना त्यापासून माझ्या पेसमेकरपर्यंतचे अंतर बावीस सेंटीमीटर भरते. तेथे त्याचे क्षेत्र पृथ्वीच्या आडव्या चुंबकीय क्षेत्राच्या विसाव्या हिश्श्याहूनही कमी आहे. निरोगी माणसाला त्यापासून धोका असल्याचे माझ्या वाचनात नाही. मला आहे तो फक्त हेडफोन छातीवर टेकला तर. डॉक्टरांचे पत्र सोबत आहे. ते दोन वर्षांपूर्वीचे आहे.

दोन वर्षे ते खणात का राहिले, हे आपण विचाराल. पहिले काही महिने मला ही खोली बरी वाटली. शस्त्रक्रियेनंतर माणूस स्वतःच्याच छातीकडे कान लावून बसतो; त्याला इतरांची गडबड नको असते. पुढे ती हवीशी वाटू लागली, तेव्हा मागायची कशी हे कळेना. घरी मी एकटीच असते. मागील महिन्यात मी समोरासमोरच्या संभाषणांची नोंद ठेवली: एकूण सात. पैकी तीन भाजीवालीशी, दोन लिफ्ट दुरुस्त करणाऱ्याशी, एक डॉक्टरांशी, आणि एक चुकून माझे दार वाजविलेल्या बाईंशी, ज्यांना मी पाण्याला थांबवून घेतले.

मोठ्या बाई या तीन वर्षांत एकदाही खोली क्रमांक नऊकडे आलेल्या नाहीत. त्यांच्या मिठीमुळे मी मरता मरता वाचले, अशी त्यांची समजूत आहे. मीच अर्ज केला होता, त्यामुळे ती समजूत माझ्या सहीने पक्की झाली. त्या जबाबांच्या मार्जिनमध्ये पेन्सिलीने "जेवलीस का?" असे लिहितात. मी "हो" लिहून परत पाठविते. जे खरे लिहायला हवे होते, ते मार्जिनमध्ये मावत नव्हते.

येत्या शुक्रवारी चार वाजता त्या सेवानिवृत्त होत आहेत. निरोप समारंभ हॉलमध्ये आहे. मला आलेल्या परिपत्रकात, आदेश लक्षात घेता मी तो स्पीकरवरून ऐकावा, असे सुचविले आहे.

तरी विनंती, की उपरोक्त आदेश रद्द व्हावा. शुक्रवारपूर्वी टिपणी वर जाऊन खाली येणार नाही, याची मला कल्पना आहे. बावीस वर्षे मी याच कार्यालयात आहे. म्हणून हेही कळविते, की आज सकाळी शिपाई स्टुलावर चहा ठेवून वळला, तेव्हा मी दार उघडले आणि त्याच्या मागे जिन्यापर्यंत गेले. तो भिंतीला लागला. मी त्याला म्हटले, "मोठ्या बाईंना सांग, तुमच्यामुळे मला काहीही झालेलं नव्हतं. शुक्रवारी मी हॉलमध्ये येतेय. परवानगी आली तरी आणि नाही आली तरी."

आपल्या कार्यालयातीलच,
वरिष्ठ लेखनिक
(सही)
दिनांक: २३, मंगळवार

सोबत: डॉक्टरांचे पत्र, अकरा मोजण्यांचा तक्ता, न दिलेले चार अर्ज.