चार बोटे खालची रेघ

मी, प्रसेनजित शंकरराव हिवाळे, वय २९ वर्षे, धंदा माशांच्या टाक्या बांधणे व सांभाळणे, राहणार चिखली, जिल्हा बुलढाणा, हे मृत्युपत्र माझ्या हाताने लिहीत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे. मला कोणी धाक घातलेला नाही आणि मजकूरही कोणी सांगितलेला नाही. सांगणारे घरात आहेत, म्हणून दार लावून लिहिले आहे. येत्या सोमवारी छत्रपती संभाजीनगर येथे माझ्या हृदयाची एक झडप बदलणार आहेत. शंभरात दोन-तीन जण दगावतात असे डॉक्टर म्हणाले. मी स्वतःला त्या दोन-तिघांत धरून लिहितो.

माझे शिक्षण अकरावीत सुटले. जेथे शब्द अडला तेथे शब्दकोश पाहिला आहे. या कागदात खाडाखोड फक्त कलम ५ मध्ये आहे व तिच्या शेजारी माझी सही आहे. कलम ४ चे पान काल नव्याने लिहिले. त्याचे कारण कलम ५ मध्येच येईल.

कलम १. आमच्या पुढच्या खोलीतील सहा फूट लांब, दोन फूट रुंद व दोन फूट उंच काचेची टाकी, तिच्या खालची गाळणीची लहान टाकी, पंप, दिवे, नारंगी माशांची जोडी आणि सर्व प्रवाळ माझी थोरली बहीण मंजुश्रीताई, राहणार मौजे बीबी, हिला देतो. अंगठ्याएवढा आणलेला एक हिरवा प्रवाळ आता मुठीएवढा झाला आहे. तो मधल्या दगडावर आहे, त्याला हात लावू नये. माझा मोठा भाऊ शेखरदादा या टाकीत गोडे पाणी भरून गप्पी मासे सोडू म्हणतो. तसे करण्याचा अधिकार त्याला नाही.

कलम २. ताईने ही टाकी बीबीला नेल्यावर ओव्हरफ्लो बॉक्स कोणाच्याही सांगण्यावरून बदलू नये. वरच्या टाकीचे पाणी या पेटीच्या दात्यांवरून आत सांडते, नळीने खालच्या टाकीत उतरते, गाळले जाते आणि पंप ते परत वर चढवतो. पेटी निवडताना तीन गोष्टी पाहाव्यात. पाणी सांडण्याची कड किती लांब आहे, नळ्या किती आहेत, आणि वीज जाऊन परत आली तर काय होते. विकणारा पहिल्या दोन सांगतो. तिसरी आपण विचारायची असते.

काचेला भोके पाडून आत बसवलेली पेटी सर्वांत चांगली. तिला तीन नळ्या असतात. एक भरून वाहते, एक थोडी वाहते, तिसरी कोरडी राहते. पहिल्या दोन्ही तुंबल्या की तिसरी कामाला येते. टाकीला आता अशीच पेटी आहे. भोके मी पाडली आहेत, पाणी ओतत ओतत, प्रत्येकी चाळीस मिनिटे.

दुसरी पेटी काचेच्या कडेवर बाहेरून लटकवतात. भोक लागत नाही. उलट्या वाकड्या नळीतून पाणी काच ओलांडते. त्या नळीत हवा शिरली की पाणी ओलांडायचे थांबते, पंप मात्र खालचे पाणी वर चढवतच राहतो. मग ते जमिनीवर येते.

कलम ३. माझी हत्यारे: काच कापायचा हिरा, भोक पाडायची तीन गोल पाती, सिलिकॉनची बंदूक, खारेपणा मोजायचे यंत्र. ही सर्व शेजारी गोपाल शेळके यांच्या मुलीला, समीक्षाला. ती दहावीत आहे व एकदा मोजलेले पुन्हा मोजते. शेखरदादाने ही हत्यारे दुकानात ठेवून घेऊ नयेत. दुकानाच्या पाटीवर त्याचे एकट्याचे नाव आहे, तेव्हा त्याने स्वतःची हत्यारे घ्यावीत.

कलम ४. कलम १ मधील टाकी मुळात शेगावच्या एका लॉजसाठी बांधली होती; ती परत घरी आल्यावर मी तिला भोके पाडली. लॉजचे मालक अर्जुनराव. भाविक आत पाय ठेवताच समोर समुद्र दिसावा अशी त्यांची इच्छा होती. काम शेखरदादाने घेतले, बांधणी माझी. मी वहीत भोकांची पेटी काढून दिली होती. दसऱ्याचा मुहूर्त चुकू नये म्हणून दादाने टाकी भोके न पाडताच, रिकामी, शेगावला नेऊन ठेवली. अर्जुनरावांनी तिची पूजा केली, कुंकू लावले, नारळ फोडला. दुसऱ्या दिवशी मी ड्रिल घेऊन गेलो तर ते टाकीपुढे आडवे आले.

"पूजा झाली ना बाप्पा तिची. आता तिले भोक पाडतं काय?"

मी समजावू लागलो की पाणी भरल्यानंतर भोक पाडता येत नाही, आताच पाडले पाहिजे. दादा मध्येच म्हणाला, "हाव भाऊ, बरोबर आहे तुमचं. बाहेरून लटकवू ना पेटी. भोक काऊन लागते?" आणि माझ्याकडे वळून, "तू चूप राह्य बे."

पेटी मी बसवली, तिचे स्क्रू माझ्या हाताने आवळले, हे मी नाकारत नाही. पण बसवण्याआधी हिशेब केला. खालून पंप जास्तीत जास्त साठ लिटर पाणी वर चढवू शकतो. टाकीत वरून चार बोटे जागा रिकामी ठेवली तर ते साठही लिटर आत मावतात. म्हणून काठापासून चार बोटे खाली काळ्या मार्करने रेघ ओढली आणि पेटीचे दाते त्या रेघेवर बसवले. पेटी रेघेच्या वर चढवू नये, हे अर्जुनराव व दादा दोघांनाही सांगितले. अर्जुनरावांना टाकी अर्धवट भरल्यासारखी वाटे. ते दरवेळी म्हणत, "रिकामी दिसते राजा."

मे महिन्यात एका दुपारी शेगावला दोन तास वीज गेली. परत आली तेव्हा नळीत हवा शिरलेली होती. साठ लिटर खारे पाणी लॉजच्या गुळगुळीत फरशीवर आले. तेथे झाडणे-पुसणे करणाऱ्या सुभद्राबाई तायडे पाय घसरून पडल्या व त्यांच्या खुब्याचे हाड मोडले. मी पोहोचलो तेव्हा पेटी काठाला भिडलेली होती आणि काचेवर रेघ नव्हती. दादा सर्वांसमोर म्हणाला की पेटी प्रसेनजितने निवडली, प्रसेनजितने बसवली. त्या दिवसापासून शेगाव ते चिखली मला एकही टाकी मिळाली नाही. दादाला अकरा मिळाल्या.

रेघ कोणी पुसली हे मला दवाखान्यात कळले. सुभद्राबाई म्हणाल्या, "रेघ म्याच पुसली बाप्पा. शेखरभाऊनं स्पिरिटची बाटली देल्ली हातात. म्हणे, मालकाले टाकी भरेल पाह्यजे. पेटी त्यानंच वर चढवली. पण तू कोणाले सांगू नको, काम जाईन माह्यं." मी सांगणार नाही असे वचन दिले. फक्त आईला विचारले, नाव न घेता, की दादाची चूक निघाली तर मी बोलू का. आई म्हणाली, "त्याची दुकानदारी आहे. त्याले लेकरं आहेत. तुले कोण वळखते?"

म्हणून आठ महिने बोललो नाही.

कलम ५. पोस्टातील माझी बचत ~~सुभद्राबाई नामदेव तायडे, राहणार शेगाव, यांना~~ माझी आई रुख्मिणी हिला देतो. तिने ती दादाला देऊ नये असे लिहून उपयोग नाही, म्हणून लिहीत नाही.

खाडाखोडीचे कारण असे. काल सुभद्राबाई खामगावला एसटी बदलून, वॉकर घेऊन, मला भेटायला आल्या. त्या पडल्यावर महिन्याभरातच त्यांचे काम गेले होते. मी त्यांना त्यांच्या नावाचे कलम वाचून दाखवले. त्यांनी विचारले, "अन् रेघंचं कुठं हाये?" मी वचनाची आठवण दिली. त्या म्हणाल्या, "काम गेलं, आता वचन कायले पाह्यजे? लिही. मी सही करतो."

मी सांगितले की ज्याला मृत्युपत्रात काही ठेवले आहे त्याने साक्षीदार होऊ नये, नंतर वाद होतो, असे कोर्टासमोरच्या टायपिस्टचे म्हणणे आहे. दोन्हींपैकी एकच होईल. त्यांनी चहा संपवला. "पैशे राहू दे," म्हणाल्या, "ते तुया मायले दे." रात्री त्या शेळके यांच्या घरी राहिल्या.

कलम ६. मी बेशुद्ध असताना काही ठरवण्याची वेळ आली तर कागदावर सही मंजुश्रीताईने करावी. झडप दोन प्रकारची असते. धातूची जन्मभर चालते पण रक्त पातळ ठेवण्याची रोजची गोळी चुकवून चालत नाही. दुसरी प्राण्याच्या पेशींची असते, ती काही वर्षांनी बदलावी लागते. डॉक्टरांनी घरच्यांशी बोलून सांगा म्हटले, तेव्हा शेजारी बसलेला दादा म्हणाला, "कोणती बी बसवा साहेब. बाहेरून कुठं दिसते?" मी दोन्हींची माहिती वहीत उतरवली आहे व धातूची निवडली आहे. गोळी मी चुकवणार नाही. कोणी ऐन वेळी हे बदलू नये.

कलम ७. काळा मार्कर, एक नग, शेखरदादाला. मी गेल्यावर माझ्या पुण्यानुमोदनाच्या दिवशी बुद्धवंदना झाल्यावर, पाहुणे बसलेले असताना, त्याने टाकीच्या काचेवर काठापासून चार बोटे खाली रेघ ओढावी आणि पहिली रेघ कोणी पुसायला लावली ते एका वाक्यात सांगावे. भाषण करू नये. त्याने सांगितले नाही तर ताईने कलम ४ मोठ्याने वाचावे. आईला त्या वेळी स्वयंपाकघरात पाठवू नये, समोर बसवावे.

मी ऑपरेशनमधून परत आलो तर बाकी सर्व कलमे रद्द समजावीत. कलम ७ रद्द होणार नाही. पुण्यानुमोदनाऐवजी मी घरी परतल्याची वंदना ठेवावी. त्या दिवशी वंदनेला मीही बसेन.

वरील सर्व मी वाचून दाखवले, साक्षीदारांनी ऐकले, आणि मी त्यांच्यासमोर सही केली.

सही: प्रसेनजित शंकरराव हिवाळे

साक्षीदार १: गोपाल रामराव शेळके, वायरमन, चिखली. सही.

साक्षीदार २: सुभद्राबाई नामदेव तायडे, शेगाव. डाव्या हाताचा अंगठा. त्यांच्या सांगण्यावरून अंगठ्याखाली लिहिले: रेघ मी पुसली. कोणाच्या सांगण्यावरून पुसली ते वर लिहिले आहे, ते खरे आहे.

ठिकाण: चिखली
दिनांक: १८ जानेवारी २०२५, शनिवार