तिसऱ्या बेसवर सासूबाईंचा हात

तीर्थस्वरूप मामांस,

भाच्याचा वाकून नमस्कार (कमरेत उसण भरल्यामुळे अर्ध्यातूनच उठलो, तरी पूर्ण धरावा). तुमचा गुडघा काय म्हणतो? मामींचा खोकला गेला का? इकडे सगळे खुशाल आहेत, म्हणजे एका घरात राहून एकमेकांशी बोलत नाहीत, पण तब्येती ठणठणीत. हे पत्र केवळ खुशालीचं आहे. मला तुमच्याकडे काहीही मागायचं नाही.

गेल्या रविवारी रुग्णालय आणि बँक यांच्या बायकांचा बेसबॉलचा अंतिम सामना झाला. पंच मी होतो. दुसरा कोणी शहाणा माणूस तयार होईना, आणि माझं चष्म्यांचं दुकान असल्यामुळे याला तरी नीट दिसत असेल असा लोकांचा समज. रुग्णालयाच्या संघात आमची ही (तिथल्याच प्रयोगशाळेत काम करते, पळायला लागली की हाती लागत नाही), आणि तिसऱ्या बेसजवळ उभं राहून पळणारीला ‘थांब’, ‘सूट’ सांगणाऱ्या कोच म्हणजे तिच्या मातोश्री, रुग्णालयाच्या निवृत्त मेट्रन. शिवाय आम्ही राहतो त्या वरच्या खोल्या सासूबाईंच्याच घरातल्या. अशा वेळी माणसाने सकाळीच ताप आणावा. मला तेवढं सुचलं नाही.

सासूबाईंची सवय तुम्हाला ठाऊक आहे. त्या माणसाला तोंडाने सांगत नाहीत, कोपराला धरून हलवतात (आमच्या लग्नाच्या फोटोत तुम्ही पहिल्या रांगेतून तिसऱ्या रांगेत कसे गेलात ते आठवा). नोकरीत असताना मोठमोठे डॉक्टरसुद्धा त्यांनी असेच खाटेपासून बाजूला केलेले आहेत. तर शेवटचा डाव, रुग्णालय एका धावेने मागे, आणि आणखी एक जण बाद झाली की खेळ खलास. हिने दुसऱ्या बेसवरून धूम ठोकली, तिसऱ्यावर पाय टेकवला आणि तशीच धाव पुरी करायला होमकडे, म्हणजे शेवटच्या बेसकडे, सुटली. तेवढ्यात मैदानातून परत येणारा चेंडू सासूबाईंनी पाहिला. त्यांनी ओरडायचं होतं. कोचने घसा फोडावा, हातवारे करावेत, वाटल्यास नाचावं, नियमाची काही हरकत नाही. सासूबाईंनी हिचं कोपर धरलं आणि फडताळात बरणी ठेवावी तशी लेक बेसवर परत ठेवली.

आता नियम तुम्हीच मला शिकवलेला. कोचचा नुसता हात लागला तर गुन्हा नाही, पाठीवर थापही चालते; पण धरून, ओढून मदत केली तर पळणारी बाद. मदत होती की नुसता स्पर्श, हे ठरवायचं पंचाने. मी खरं तर पळवाटच शोधत होतो. सासूबाईंकडे गेलो आणि अदबीने विचारलं, की हात चुकून लागला असेल ना (वर मान डोलावून काय उत्तर द्यायचं तेही सुचवलं). त्यावर त्या बँकेच्या मॅनेजरबाईंनाही ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, “मी कुणाला उगाच हात लावत नाही.”

झालं. याहून स्वच्छ कबुली कुठल्या पंचाला मिळाली असेल? मी हिला बाद दिलं आणि बँक जिंकली.

सोमवारी सासूबाई दुकानात आल्या, नाकावरचा चष्मा काढून काउंटरवर ठेवला, “हा तुम्हीच वापरा,” म्हणाल्या आणि भिंत चाचपत निघून गेल्या. तेव्हापासून त्या बिनचष्म्याच्या वावरतात आणि जिन्यात मी दिसलो की वरचे भाडेकरू का, असं विचारतात. महिनाअखेर खोल्या रिकाम्या करा, असा निरोपही लेकीकडून आला आहे. पण मामा, पंचाने नातं पाहू नये हे तुम्हीच शिकवलंत. मी तसूभरही हललेलो नाही. मामींना नमस्कार.

तुमचा ताठ कण्याचा (कंबर सोडून)
भाचा

ता. क. सासूबाईंनी स्पर्धेच्या तक्रार समितीकडे दाद मागितली आहे आणि तिचे अध्यक्ष तुम्ही आहात, हा निव्वळ योगायोग. निर्णय फिरवून सामना पुन्हा खेळवता आला तर बघा. पंचाची नजर अधू होती असं कारण दिलंत तरी चालेल, फक्त दुकानाचा उल्लेख नको.

आणखी एक. पत्र पाकिटात घालायच्या आधी हिने वाचलं. म्हणाली, “मामांना सांग, निर्णय फिरवायचा नाही. आईनं धरलं नसतं ना, तर मी पोचले होते. आजवर तिला कुणी सांगितलंच नव्हतं, की पोरीला सोडा म्हणून.” बोलता बोलता तिचे डोळे भरून आले, आणि मामा, मलाही गलबलून आलं. तेव्हा वरचा ताजा कलम तुम्ही वाचलाच नाही असं समजा. निर्णय कायम ठेवा. फक्त तो टपालाने कळवू नका, स्वतः येऊन सासूबाईंना सांगा, आणि येताना आमचं सामान न्यायला तुमचा टेम्पो घेऊन या.