दाढी वाढवण्याचं कारण

वडगाव निंबाळकर,
रविवार

प्रिय स्वरूपा,

लग्न ठरल्यापासून आपण फोनवरच बोलत आलो, आणि आज अचानक माझं पत्र बघून तुला नवल वाटेल. खरं सांगायचं तर फोनवर मला खोटं फार सहज सुचतं. दुकानात गर्दी आहे, नेट नाही, कॅमेरा बिघडलाय. कागदावर तेच लिहायला घेतलं की हात अडतो. म्हणून दुकानाचं शटर अर्धं ओढून, ठिबकच्या नळ्यांच्या बंडलावर बसून लिहितोय. तू हे वाचताना जवळ कुणी असेल तर आधी बाजूला जा.

साखरपुड्यात माझा चेहरा साफ होता, फोटोत दिसतो तसाच. त्यानंतर थोड्याच दिवसांत डाव्या जबड्याखाली एक चामखीळ आली, मोहरीएवढी. मी लक्ष दिलं नाही. दाढी करताना ब्लेड तिच्यावरून जायचं, रक्त यायचं, मी तुरटी फिरवून दुकानात यायचो. मग एकीच्या चार झाल्या, आणि बघता बघता ब्लेड ज्या वाटेनं फिरतं त्याच वाटेनं ओळच लागली, गळ्यापासून गालापर्यंत. महिपती लहानपणापासून माझे केस कापतो. एका रविवारी त्यानं तोंडाला फेस लावला, मान वर केली आणि हात थांबवला. मागं बाकावर गावातली माणसं पेपर चाळत बसली होती. तो कानाशी वाकून म्हणाला, "दादासो, राग मानू नगा. पन तुमी घरीच करत जावा. गिऱ्हाइकं बघत्यात." एवढं हळू बोलला तरी मागचे सगळे पेपर खाली आले. मी खुर्चीवरून उठलो आणि कुणाकडं न बघता बाहेर पडलो. कानामागं राहिलेला फेस घरी आल्यावर आईनं पुसला.

त्या दिवसापासून मी दाढी वाढवली. ते कुणाकडून तरी तुझ्या कानावर गेलं आणि तू फोनवर हसत विचारलंस, "दाढी कशाला, नवस केलाय का?" मी हो म्हणालो. वर जेजुरीचं नाव घेतलं. तू ते तुझ्या आईला सांगितलंस, त्यांनी पाहुण्यांत सांगितलं, आणि परवा तुझे मामा दुकानात आले तेव्हा "जावई देवभोळा हाय आमचा" म्हणून त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. देवाच्या नावावर खोटं बोललो म्हणून पाप लागेल की नाही ठाऊक नाही, पण मामांचा हात पाठीवर होता तेवढा वेळ मला मान वर करता आली नाही.

आईला मात्र सगळं माहीत होतं. तिचं एकच म्हणणं, "लग्नाआधी कुनाला कळू देऊ नगंस. रोगट पोरगा हाय म्हंतील." तिनं तिच्या परीनं सगळं केलं. चुना आणि सोडा लावला. रुईचा चीक लावला. म्हसोबाला मीठ वाहून आली. काहीच होईना, तेव्हा मी सुप्याच्या बाजारात बाटलीतलं औषध विकणाऱ्या एकासमोर बसलो. एका थेंबात मुळासकट जाईल म्हणाला. चामखीळ गेली नाही, गालाची कातडी गेली. तिथं अजून काळा डाग आहे आणि त्यावर दाढी उगवत नाही.

नेमकं त्याच आठवड्यात तू बस्ता बांधायला इंदापूरला बोलावलंस. मी उन्हाळी कामाचं निमित्त सांगितलं. तुम्ही मायलेकी कापडाच्या दुकानात थांबून राहिलात आणि माझे कपडे तू अंदाजानं निवडलेस. त्यानंतरचा तुझा फोन मला शब्द न शब्द आठवतो. "तुमच्या मनात दुसरी कोणी असेल तर आत्ताच सांगा. मी घरी सांगते, वाईटपणा माझ्याकडं घेते." स्वरूपा, तू दुसऱ्याचा वाईटपणा अंगावर घ्यायला निघाली होतीस, आणि मी काय केलं, तर आवाज येत नाही असं म्हणून फोन ठेवला. आवाज स्पष्ट येत होता.

दुसऱ्या दिवशी मी गावातल्या डॉक्टरांकडं गेलो. माझ्या एका मित्राला असं असं झालंय, म्हणालो. त्यांनी मित्राचं नाव विचारलं नाही. माझ्या गालाकडं बघून म्हणाले, "मित्राला सांग, आता घरचे उपाय पुरे. बारामतीला त्वचारोगतज्ज्ञाकडं जा. आणि जाताना पाटी नीट वाच." ते पाटीचं का म्हणाले ते मला बारामतीत कळलं. पहिल्या ठिकाणी 'स्किन' असं मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, आत गेलो तर फेशियलची पॅकेजं. तिथल्या मुलीनं मला नवरदेवाचं पॅकेज दाखवलं. शेवटी जळोचीच्या रस्त्याला खरा दवाखाना सापडला. पाटीवर पदवी होती, नोंदणी क्रमांक होता, आणि बाहेर बसलेली माणसं माझ्यासारखीच खाली बघत होती.

डॉक्टर बाई आहेत. त्यांनी भिंग घेतलं आणि दुसऱ्या हातानं माझा गाल धरला. इतक्या दिवसांत माझ्या गालाला आईशिवाय कुणाचा हात लागला नव्हता. त्या शांतपणे सांगत गेल्या. हा विषाणू असतो, कातडीच्या वरच्या थरात राहतो. रक्तात उतरत नाही, आईबापाकडून येत नाही, घाणीनं किंवा कुणाच्या शापानं होत नाही. ब्लेडनं जिथं जिथं कापलं तिथं तिथं मीच त्याला घर करून दिलं होतं. आधी भाजलेली जागा बरी होऊ द्यायची, मग बाकीच्या चामखिळी गार वायूनं गोठवायच्या. एका खेपेत भागत नाही, पुन्हा उगवूही शकतात, दम धरावा लागतो. तोवर तिथं ब्लेड लावायचं नाही, टॉवेल वेगळा ठेवायचा. मी खाली बघून विचारलं, "लग्न ठरलंय. तिला होईल का?" त्या म्हणाल्या, "स्पर्शानं होऊ शकतं, म्हणून उपचार पूर्ण करा आणि काळजी घ्या. पण त्यासाठी लग्न मोडायचं कारण नाही. तिला सांगितलंय ना?" मी हो म्हणालो. तिथंसुद्धा.

आता जे सांगायचंय त्याची मला चामखिळींपेक्षा जास्त लाज वाटते. गेल्या गुरुवारी मी पुन्हा तिथं गेलो होतो, गोठवायची पहिली खेप होती. कोपऱ्यात बसलो होतो. तोंडाला स्कार्फ बांधलेली एक मुलगी आत आली आणि काउंटरवर वाकून हळू म्हणाली, "माझं नाव मोठ्यानं घेऊ नका. मी इथंच बसते, हात केला तरी येईन." मी तुला नीट असं एकदाच पाहिलंय, पण तुझा आवाज मी झोपेतही ओळखेन. इंदापुरात कुणी बघू नये म्हणून तू एवढ्या लांब आली होतीस, एकटी. दाराजवळच्या खुर्चीत बसलीस आणि शाळेत शिकवायला जाताना नेतेस ती पिशवी मांडीवर घट्ट धरून ठेवलीस. मी उठून तुझ्याकडं यायला हवं होतं. मी रुमाल तोंडाला लावला आणि तुझ्या समोरून बाहेर पडलो. जिन्यात होतो तेव्हा आतून हाक आली, "दादासो आहेत का, दादासो?" बारामती तालुक्यात दादासो काही कमी नाहीत, अशी मी माझी समजूत घातली. पण त्या दिवसापासून तुझा फोन आलेला नाही. तू काय समजलीस ते मला कळतंय. बघून, ओळखून हा माणूस पळाला, आता हा नकार कळवेल, असंच ना? म्हणून हे लिहिलं. मी तुला बघून पळालो नाही, तू मला बघशील म्हणून पळालो. तू तिथं कशासाठी आली होतीस ते मी विचारणार नाही, आजही नाही आणि लग्नानंतरही नाही. सांगावंसं वाटलं तर सांग. येत्या गुरुवारी सकाळी मी त्याच दवाखान्यात असेन, रुमाल न लावता. माझं तोंड बघून तुला नको म्हणायचं असेल तर तिथंच म्हण, घरी मी सांगेन आणि वाईटपणा माझा असेल. पण तुलाही आत जायचं असेल, तर या खेपेला एकटी बसू नकोस. मी शेजारी बसतो.

अजून तुझाच असलो तर,
तुझाच
दादासो